तिसरा ठोका

पडद्यावरचा माणूस अंधाऱ्या जिन्यात उभा आहे. वरच्या मजल्यावर कुणीतरी आहे हे त्याला कळलंय, आणि बाकी सगळे आवाज बंद होऊन फक्त त्याचं काळीज ऐकू येतंय. हे तुम्ही कधी ना कधी पाहिलेलं आहे. हातातला घास हातातच राहिला असेल, शेजारच्याचा दंड घट्ट धरला असेल. पण ते काळीज त्या माणसाचं नव्हतं. नट बिचारा तेव्हा घरी जाऊन झोपलाही होता. ते काळीज एका मुलीचं होतं, आणि ती मुलगी तोवर जन्मालाही आली नव्हती.

हे उद्योग तिच्या आईचे. पडद्यावर जे जे वाजतं ते बंद खोलीत बसून वाजवायचं, हा त्या बाईचा धंदा. सगळे तिला आवाजवाली म्हणत. बर्फातून चालायचं असेल तर ती पिठाची पिशवी दाबे, हाड मोडायचं असेल तर गाजर मोडे, घोडा दौडवायचा असेल तर नारळाच्या दोन करवंट्या घेऊन बसे. घरची भाजी आणि धंद्याचा माल एकाच पिशवीतून यायचा. दिवसा खुनात कामी आलेली गाजरं संध्याकाळी निमूटपणे पानात पडायची.

एक काळीज मात्र तिला काही केल्या जमत नव्हतं. उशीवर बुक्के मारून झाले, ओल्या हातमोज्यावर थापा मारून झाल्या. ऐकणारा म्हणायचा, "बाई, ही उशी वाटते." मग तिला दिवस गेले. डॉक्टरांनी पोटावर ते छोटं यंत्र टेकवलं, त्याच्या पिटुकल्या स्पीकरमधून धावत्या पावलांसारखा आवाज आला, आणि कुठलीही आई जिथे डोळे पुसते तिथे ही बया उठून बसली आणि म्हणाली, "थांबा हं, उद्या मी माझा रेकॉर्डर घेऊन येते."

पोटातल्या बाळाचं काळीज मोठ्या माणसाच्या जवळजवळ दुपटीने पळतं. तिने टेप निम्म्या वेगाने फिरवली. आवाज जड झाला, खोल गेला, आणि खोलीत एक थोराड माणूस येऊन उभा राहिल्यासारखं वाटलं. तिच्यासोबत रेकॉर्डिंगच्या यंत्रावर जो बसायचा त्याला सगळे कानसेन म्हणत. तो म्हणाला, "छान आहे. पण फार निरोगी आहे. असल्या काळजाला कोण भिणार?" तेव्हा तिला करवंट्या आठवल्या. घोड्याच्या चालीत असतो तसा एक दबका ठोका प्रत्येक जोडीच्या जरासा आधी टाकायचा. वाळूची थैली, खाली गादी, वेगळा ट्रॅक. धप... धप-धप. धप... धप-धप. ऐकणारा उठून दाराची कडी बघून यायचा.

तो आवाज कुठल्या कुठे गेला. नाटकांत गेला, मालिकांत गेला, कुणी त्याची नक्कल केली, नकलेची नक्कल केली. आपण तिसरा ठोका कसा घातला, ही गोष्ट आवाजवाली दर नव्या माणसाला सांगायची, थैली पडते कशी ते हाताने करून दाखवायची.

आणि मुलगी? तिचं नाव घरात गब्दू पडलं ते जन्मल्या जन्मल्याच. एवढी मोठी मुलगी त्या वॉर्डात कुणी पाहिली नव्हती. नर्स म्हणाली, "हे कसलं बाळ, ही तर रांगायला लागलेली पोर आहे!" बघायला येणारा प्रत्येक जण म्हणे, काय बाळसं आहे, बाळसं अंगावर घेऊनच आली की. पहिले काही दिवस तिला काचेच्या पेटीत ठेवावं लागलं, श्वास जरा घाईचा होता, रक्तातली साखर एकदम खाली जात होती. पण पेट्यांत झोपलेली बाकी सगळी पोरं मुठीएवढी आणि मधोमध ही पैलवान, हे दृश्य पाहून हसू यायचं. दिवस असताना आवाजवालीला डॉक्टर म्हणाले होते, साखर वाढलेली दिसते, पुन्हा तपासून घ्या. तिने ते घरी येऊन हसत हसतच सांगितलं होतं. "माझी साखर वाढलीय म्हणे," ती नवऱ्याला म्हणाली होती, "मी तर आधीपासूनच गोड होते." पुन्हा तपासायचं राहून गेलं. बाळ एवढं गुटगुटीत आल्यावर त्याची आठवण कोण काढतो?

गब्दू चार-पाच वर्षांची झाली तेव्हा तिला आईने सांगितलं की तो भीतीचा आवाज तुझा आहे. झालं! तेव्हापासून टीव्हीवर कुठेही ते काळीज धडधडलं की बाकीची मुलं उशीमागे लपत आणि ही मधोमध उभी राहून ओरडे, "आई, मी वाजतेय!" घरातला हा ठरलेला विनोद होता. मोठी झाली, लग्न झालं, शाळेत खेळाची शिक्षिका झाली, तरी तिचा फोन यायचा. "आई, अमुक चॅनल लाव. मी वाजतेय."

आता गब्दूला दिवस गेले होते.

एका दुपारी शाळा सुटल्यावर ती गळ्यात शिट्टी तशीच अडकवून आईच्या खोलीत आली. खोली जाड गाद्यांनी सगळ्या बाजूंनी मढवलेली. दार लागलं की बाहेरचं जग तिथल्या तिथे बंद. कोपऱ्यात वाळूची पेटी, जुन्या चपला-बुटांची रांग, कशालाही न जोडलेला एक दरवाजा, फक्त कुरकुरण्यासाठी ठेवलेला.

"माझ्या पिल्लाचंही काढ ना रेकॉर्डिंग," गब्दू म्हणाली. "दोन पिढ्या वाजू देत."

"अगं, एवढ्यात कुठलं? माझ्या माइकला नाही सापडायचं."

"बघ तर खरं! नाहीतर माझंच काढ. मी मोठेपणी वाजते कशी ते तरी कळू दे."

आवाजवालीने अंगाला चिकटवायचा चपटा माइक घेतला. पोटावर ठेवला तर नुसती गुडगुड. "हे तुझं दुपारचं जेवण," ती म्हणाली, आणि दोघी हसल्या. मग तिने माइक छातीवर, डावीकडे, जरा खाली टेकवला, कानांवर हेडफोन चढवले आणि बटण फिरवलं.

धप... धप-धप. धप... धप-धप.

तिने पहिल्यांदा काय केलं असेल तर मशीन तपासलं. तिला वाटलं, जुना आवाज कुठूनतरी चुकून सुरू राहिलाय. आवाजाच्या माणसाला दुसरं काय वाटणार? तिने वायर काढून पाहिली, पुन्हा लावली. जुनी फाईल बंदच होती. माइक गब्दूच्या छातीवरून उचलला तर शांतता. ठेवला तर धप... धप-धप. प्रत्येक जोडीच्या जरासा आधी, गादीवर वाळूची थैली पडावी तसा तो तिसरा.

"काय झालं? चेहरा का असा?"

"काही नाही. हलू नकोस."

तिने एका स्पीकरवर जुनं काळीज लावलं आणि दुसऱ्यावर मुलीचं सोडलं. पहिले काही ठोके मागेपुढे पडले. एक जण पुढे, एक जण मागे, एका गल्लीत दोन माणसं चालल्यासारखे. मग हळूहळू ते एकात एक बसले आणि दोन काळजांचं एकच झालं. टेप आपली चाल बदलत नाही, हे आवाजवालीला पुरतं ठाऊक होतं. चाल बदलली होती ती गब्दूच्या छातीने.

गब्दू मात्र खूश. "अय्या, एकदम सेम! आई, मी वाजतेय!"

आवाजवालीने घाईघाईने जुनं काळीज बंद केलं. त्याबरोबर दुसऱ्या स्पीकरवर एक ठोका पडलाच नाही. कान लावून बसलेल्या माणसासारखी ती खोली नुसती वाट पाहत राहिली. मग जरा उशिराने, काही झालंच नाही अशा थाटात, मुलीचं काळीज पुढे चालू लागलं. आवाजवालीने हेडफोन उतरवले.

"गब्दू, तू सगळ्या तपासण्या केल्यास ना? ते साखरेचं पाणी पिऊन रक्त द्यायचं असतं ते?"

"नाही गं. मळमळतं त्याने. आणि मला काय धाड भरलीय? रोज मैदानाला फेऱ्या मारते मी."

"दम लागतो का?"

"दिवस गेल्यावर कुणाला लागत नाही? तुला नव्हता लागत? आणि मी बघ ना, केवढी जन्मले, काय झालं मला?"

"त्या तिसऱ्या ठोक्याचं काहीतरी..."

"आई." गब्दूने छातीवरचा माइक सोलून काढला आणि टेबलावर ठेवला. "तो ठोका तू थैली टाकून केलास. लहानपणापासून ऐकतेय मी ती गोष्ट. आता तुझ्या कानात तोच बसलाय, म्हणून तुला तोच सगळीकडे ऐकू येतो. लोकांना भीती विकतेस ते ठीक आहे, मला नको विकूस." एवढं बोलून ती गेली. कुरकुरता दरवाजा कुणी हात न लावता जरासा हलला. गादीच्या दाराचा वारा लागला असेल.

आवाजवालीला मुलीचं म्हणणं पटायलाच हवं होतं, कारण त्यात तिची सुटका होती. कानात बसला असेल. असतं असं. तेवढ्यासाठीच ती कानसेनकडे गेली. थैली टाकताना शेजारी बसलेला तो एकच माणूस होता, आणि त्याने "हो, तूच टाकलास" एवढं म्हटलं की तिला शांत झोप लागणार होती.

कानसेन आता जवळजवळ बहिरा झाला होता. कानातलं यंत्र मुलाने आणून दिलं होतं, ते तो चष्म्याच्या डबीत ठेवायचा. "आयुष्यभर लोकांचे आवाज ऐकले," तो म्हणायचा, "आता कुठे जरा शांतता मिळालीय." गच्चीत कुंड्यांना पाणी घालत होता. तिने कानाशी तोंड नेऊन ओरडून विचारलं तेव्हा त्याने झारी खाली ठेवली.

"कसली थैली? अगं, ती थैली फुटली नव्हती का! सगळी वाळू जमिनीवर. मीच भरली केरसुणीने. तुझे पाय सुजलेले, तू दमलेली, मी तुला घरी पाठवलं. उद्या नवी थैली शिवून आणते म्हणालीस आणि दुसऱ्या दिवशी तू बाळंतच झालीस."

"मग तिसरा ठोका नंतर कुणी टाकला?"

"कुणी नाही. तो ट्रॅक रिकामाच राहिला."

"अहो, काहीतरीच काय! सगळ्या जगाने ऐकलाय तो!"

"ओरडू नकोस, खालचे लोक वर येतील." तो जरा थांबला. "हे बघ, मी तुझ्यासारखा कानांनी काम करणारा नव्हतो. नाव कानसेन, पण मी सुया बघायचो. मशीनवरच्या सुया. बाळाच्या ट्रॅकवर सुई दोनदा उडायची, आणि त्याच्या आधी एकदा हलकेच थरथरायची. माझ्या ते नंतर लक्षात आलं. मी म्हटलं, चला, पोरीने आईचं काम वाचवलं. तू परत आलीस तेव्हा थैलीची गोष्ट सगळ्यांना रंगवून सांगत होतीस. म्हटलं, सांगू दे. गोष्ट चांगली होती."

आवाजवाली त्या गच्चीतल्या मोडक्या खुर्चीवर बसली. थैली पडण्याचा आवाज तिला अगदी स्वच्छ आठवत होता. हाताला वाळूचा भार आठवत होता. गोष्ट सांगून सांगून तिने ती स्वतःलाच खरी करून विकली होती. आणि खरा ठोका, जो कुणी टाकला नव्हता, तो एवढी वर्षं दिवाणखान्या-दिवाणखान्यांतून वाजत होता. सगळे त्याला घाबरले होते. जिने घाबरायला हवं होतं ती एकटी त्याच्या जोरावर शाबासकी घेत फिरली होती. तिला स्वतःचा इतका राग आला की रडूही येईना.

ती तिथून तडक शाळेत गेली. मैदानावर मुलं पळत होती, कडेच्या पायरीवर गब्दू बसली होती. खेळाच्या बाई तास चालू असताना बसत नाहीत. ही बसली होती.

"पुन्हा सुरू करू नकोस," आईला पाहून ती म्हणाली.

"नाही करत. एकच सांगते आणि जाते. तिसरा ठोका मी टाकला नव्हता."

"म्हणजे?"

"थैली फुटली होती. मी काही टाकलंच नाही. तो आधीपासून टेपवर होता. तुझाच."

गब्दू हसायला गेली आणि हसली नाही. आवाजवाली तिच्या शेजारी बसली. आवाजाचे सगळे खेळ येणारी ती बाई, पण त्या क्षणी तिचा आवाज एकदम साधा, कोरडा निघाला. "तू पोटात होतीस तेव्हा माझी साखर वाढली होती. मला सांगितलं होतं डॉक्टरांनी. मी हसण्यावारी नेलं. नऊ महिने ती सगळी साखर तू प्यायलीस, गब्दू. सगळे म्हणाले बाळसं आहे आणि मी पुरीसारखी फुगले. मला त्या ठोक्याचं कोडं सोडवायचं नाही. ते खरं आहे की माझ्या डोक्यातलं, मला काही ठाऊक नाही. फक्त तू तपासून घे. खोटं निघालं तर जन्मभर चिडव मला."

 तास संपत आला होता म्हणून गब्दूने मुलांना बोलवायला शिट्टी तोंडात धरली आणि फुंकली. शिट्टी अर्धीच वाजली. उरलेला श्वास तिला सापडेना. तिने शिट्टी हळूच खाली सोडली आणि तळवा छातीवर ठेवला, जरा वेळ तसाच ठेवला.

"उद्या येशील माझ्याबरोबर?" ती म्हणाली.

डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या, पण कानाला नळ्या लावून त्यांनी गब्दूच्या छातीवर पहिल्यांदा स्टेथोस्कोप टेकवला आणि तिथेच थांबल्या. खोलीतल्या पंख्याकडे पाहून त्यांनी तो बंद करायला लावला. पुन्हा ऐकलं.

"एक जादा ठोका आहे," त्या म्हणाल्या. "जोडीच्या आधी. आम्ही याला घोड्याची चाल म्हणतो."

आवाजवालीच्या तोंडून "करवंट्या" एवढाच शब्द बाहेर पडला. तो कुणाला कळला नाही.

मग बाकीच्या तपासण्या झाल्या. रक्तदाब चढलेला, बऱ्याच दिवसांपासून चढलेला असावा. हृदयाची भिंत जाड झालेली, त्यामुळे ती नीट सैल पडत नव्हती. आणि साखरेचं पाणी पिऊन दिलेल्या रक्तात साखरही वर. डॉक्टरीणबाईंनी गब्दूच्या जन्माचं वजन विचारलं, आवाजवालीच्या दिवसांतल्या साखरेबद्दल विचारलं, आणि मान डोलावली.

"दिवस असताना आईची साखर ताब्यात राहिली नाही की पोटातलं बाळ मोठं होतं. लोक त्याला बाळसं म्हणतात. अशा मुलांना पुढे रक्तदाब, साखर, हृदयाची दुखणी इतरांपेक्षा लवकर गाठू शकतात. गाठतातच असं नाही, हं. धोका जास्त असतो, एवढंच. आणि तुमच्या पोटात जे आहे त्याच्या बाबतीत आपण वेळेवर आलोय. औषधं, खाणं, चालणं, लागलं तर इन्शुलिन. ऐकाल ना माझं?"

"ऐकेन," गब्दू म्हणाली. एवढ्या लहान आवाजात बोलताना आईने तिला कधी ऐकलं नव्हतं.

निघताना आवाजवालीने दारात थांबून विचारलंच. "हा ठोका... पोटातल्या बाळाच्या आवाजात ऐकू येतो का हो? पूर्वीच्या त्या छोट्या यंत्रातून?"

"छे. त्यातून असलं काही कळत नाही. अशक्य आहे ते. का?"

"काही नाही. सहज विचारलं."

पुढचे महिने शहाण्यासारखे गेले. गब्दू बोटातून रक्त काढून साखर बघायची, पोटावर स्वतःच सुई टोचून घ्यायची, आणि शेजारीपाजारी "दोन जिवांची आहेस, खा की गं" म्हणत तेव्हा त्यांना शिट्टी दाखवायची. आवाजवालीने आपल्या यंत्रावरचं जुनं काळीज पुसून टाकलं. पुसताना तिने खोलीचं दार उघडं ठेवलं होतं, का ते तिला विचारू नका. जगभर त्याच्या किती नकला फिरत होत्या त्या तिच्या हातात नव्हत्या.

बाळ झालं ते साध्या वजनाचं, नेहमीच्या बाळाएवढं. काचेच्या पेटीत जावं लागलं नाही. बघायला आलेली जावयाची मावशी दुपट्यात डोकावून म्हणाली, "बाळ जरा बारीकच आहे, नाही?" आवाजवालीने तिचे दोन्ही हात हातात घेतले. इतका गोड शब्द तिला आयुष्यात कुणी ऐकवला नव्हता.

घरी जायच्या दिवशी कागदपत्रांसाठी जावई खिडकीशी उभा होता आणि दोघी दवाखान्याच्या बाहेरच्या मोठ्या खोलीत बाकावर बसल्या होत्या. भर दुपार, माणसांची गर्दी, भिंतीवर टीव्ही. बाळ रडत होतं. पोट भरलेलं, लंगोट कोरडा, तरी लाल होऊन रडत होतं. गब्दूने त्याला खांद्यावर घेतलं, उजवीकडे घेतलं, थोपटलं. काही उपयोग नाही.

टीव्हीवर कुणीतरी अंधाऱ्या जिन्यात उभं राहिलं. संगीत थांबलं.

धप... धप-धप. धप... धप-धप.

सगळ्या खोलीतली माणसं एका क्षणात गप्प झाली. कुणाचा पाण्याचा पेला ओठाशीच राहिला. सवयीने गब्दूचं तोंड उघडलं, "आई, मी..." आणि तिथेच मिटलं.

कारण बाळ रडायचं थांबलं होतं. त्याने मान वळवली, आईच्या छातीकडे नाही, त्या भिंतीवरच्या टीव्हीकडे. त्याची आवळलेली मूठ उघडली. ज्या आवाजाच्या घरात ते नऊ महिने राहिलं होतं, तो त्याने बरोबर ओळखला होता.

जिन्यातला माणूस वर पोहोचला, संगीत पुन्हा सुरू झालं, आणि बाळ परत रडायला लागलं. गब्दूने त्याला उचलून डाव्या बाजूला, छातीवर, जरासं खाली टेकवलं. ते लगेच झोपलं. आवाजवालीने पर्स उघडून मुलीची दुपारची गोळी काढली आणि पाण्याची बाटली तिच्या हातात दिली.